अक्कांचा बारावीचा इतिहास

जगात आजवर झालेलं प्रत्येक युद्ध मुळात शेताच्या बांधावरून झालं, असं छातीठोकपणे सांगणारी आणि बारावीच्या उत्तरपत्रिकेत तसं लिहूनही आलेली एकच बाई या पृथ्वीतलावर असेल, आणि ती माझी थोरली नणंद आहे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, भाताची खाचरं, दोन म्हशी आणि सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले यजमान, म्हणजे आमचे दाजी. अकरावीत असताना अक्कांचं लग्न झालं आणि बारावी राहिली ती राहिलीच. पुढे मुलं मार्गी लागली, नातवंडं इंग्रजीत हट्ट करू लागली, आणि साठीला टेकलेल्या अक्कांनी एक दिवस जाहीर केलं, "मी बारावीला बसनार हाय." दाजींनी त्याच आठवड्यात बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाकला. केंद्र मात्र सांगलीचं घेतलं. मेढ्यात पेपर द्यायचा तर पर्यवेक्षक म्हणून नेमका पुतण्या यायचा आणि दर दहा मिनिटांनी "काकी, च्या सांगू का?" विचारायचा, अशी त्यांना रास्त भीती होती. अशा रीतीने दिवाळीनंतर अक्का आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आल्या आणि बँकेत नोकरी करणारी मी एक निरुपद्रवी बाई त्यांची परीक्षक झाले.

मराठी त्यांना येतच होतं, इंग्रजीशी त्यांनी तह केला, पण जीव जडला तो इतिहासावर. क्लास नाही, शिकवणी नाही, सगळा स्वतःचा अभ्यास, आणि त्याची जागा स्वयंपाकघर. पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून त्या भाकरी थापत वाचायच्या, तेही मोठ्यानं. त्यामुळे फ्रान्सच्या राज्यक्रांतीची पानं ज्वारीच्या पिठानं एकमेकांना कायमची चिकटली आणि माझ्या नवऱ्याच्या ताटात दर क्रांतीला एक करपलेली भाकरी पडू लागली. तो सख्खा भाऊ असल्यामुळे मुकाट्यानं खायचा. पुस्तकातल्या माणसांना त्या परकं मानतच नसत. लढाईत मराठे जिंकले की रात्री शिरा व्हायचा, हरले की आमटी-भात. ऑफिसातून आल्यावर मी आधी कढईत डोकावायचे, म्हणजे अभ्यास कुठवर आला ते कळायचं. वसाहतवादाच्या धड्यात आम्ही सलग दोन आठवडे आमटी-भात खाल्ला.

सनावळ्या त्यांच्या डोक्यात राहत नसत, नाती मात्र एकदा ऐकली की पक्की. कुठलाही राजा समोर आला की पहिला प्रश्न, "ह्यो कुनाचा कोन? बायको कुन्या घरची?" पहिल्या महायुद्धातले तीन मोठे राजे एकमेकांचे भाऊबंद होते, असं मी एकदा बोलता बोलता सांगितलं, तर त्यांनी भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि कपाळाला पिठाचा हात लावला. "मग आदी का न्हाई सांगितलंस? भावकीचं भांडान हाय हे! बांधाचं!" त्या दिवसापासून युरोप त्यांना तळहातासारखा दिसू लागला. शीतयुद्धावर मी पाच गुणांचा प्रश्न घातला, तर त्यांनी लिहिलं की दोन मोठे जमीनदार एकमेकांशी बोलत नाहीत, पण गावात दुसऱ्या कुणाचं भांडण लागलं की आपापल्या माणसाला काठ्या पुरवतात. मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले आणि शेवटी पाचपैकी पाच दिले.

घोडं अडलं ते दुसऱ्या बाजीरावापाशी. कारण आमच्या दाजींचं नावच बाजीराव. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे अक्कांच्या मनात लहानपणापासून इतकं घट्ट बसलेलं की लग्नात उखाणा घेतला तो शेवटचा. आणि इथे तर नुसतं नाव नव्हे, त्या नावाच्या पेशव्यानं वसईचा तह करून स्वातंत्र्य कसं घालवलं, हे सविस्तर लिहायचं! त्यांनी सरावाच्या पेपरात लिहिलं, "पुण्याचे शेवटचे ते." मी म्हटलं, "अक्का, असे गुण मिळत नाहीत. नाव लिहा."

"न्हाई लिवनार. मानूस जिता हाय माजा."

मी मेढ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून दाजींकडे तक्रार केली. दाजी खो खो हसले. "अगं लिही की! म्या परवानगी देतो. सुभेदाराची आर्डर हाय."

"आवं, आर्डर पलटनीत," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

परीक्षेच्या तोंडावर दाजींच्या छातीत दुखू लागलं. मिरजेच्या दवाखान्यात आणलं, तिथे बायपास ठरली, आणि शस्त्रक्रियेचा आणि इतिहासाच्या पेपराचा दिवस एकच निघाला. अक्का जायला तयार नव्हत्या. दाजींनीच खाटेवरून हुकूम सोडला की मी आत जातो, तू तिकडे जा, दोघंही पेपर देऊ. मी त्यांना स्कूटरवरून केंद्रावर सोडलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा शांत होता. वसईच्या तहावर मोठा प्रश्न आला होता आणि त्यांनी तो कोरा सोडला होता. "त्यांची छाती उगडी हाय तितं," मला म्हणाल्या, "आन मी हितं त्यांचं नाव लिवू व्हय?" निकाल लागला. सगळे विषय सुटले, इतिहास थोडक्यात गेला. मी हळहळत होते, तर अक्कांनी शिरा केला. दाजी तोवर खडखडीत बरे होऊन म्हशी बघू लागले होते. "मी नापास, पर ते पास," वाटी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा हिशेब पटला होता.

जुलैच्या परीक्षेला त्या बसल्याच नाहीत. उगीच तोच प्रश्न पुन्हा आला तर? दाजी चिडवत राहिले, त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिल्या. थंडीत एका पहाटे दाजी झोपेतच गेले.

फॉर्म मात्र दाजींनी आधीच भरून ठेवला होता, म्हणून अक्का पुढच्या परीक्षेला आल्या. या खेपेला घरात मोठ्यानं वाचणं नव्हतं आणि भाकरी एकही करपली नाही. मला तो शहाणा स्वयंपाक अजिबात आवडला नाही. पेपर सुटल्यावर मी फाटकापाशी उभी होते. विचारू की नको असं चाललं होतं, तर त्याच म्हणाल्या, "आला हुता. लिवलं. नको तितंबी नाव लिवलं." मग पदरानं चष्मा पुसत राहिल्या. "आता कुनाला जपायचं?"

अक्का उत्तम गुणांनी पास झाल्या. यंदा त्यांनी बी.ए.ला नाव घातलंय, पण इतिहास नाही घेतला. भूगोल घेतलाय. मला वाईट वाटलं, भांडलेही मी. एवढी गोडी लागली होती, मग का सोडलात, असं विचारलं.

"इतिहासात समदी मानसं शेवटाला मरत्यात गं," त्या म्हणाल्या. "भूगोलात नदी हाय ती हायच."