काचेवरचं उष्टं

आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तिथेही विज्ञान शिकतो. लिहिणं हे माझं काम नाही. प्रयोग लिहायची सवय आहे, त्यामुळे हेही तसंच रुक्ष झालं असेल. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांना वाचता न येणारं काही त्यांच्याबद्दल लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तरी लिहितो.

माझे बाबा मुंबईहून परदेशी जाणाऱ्या आगबोटींवर इंजिनखोलीत कामाला होते. वर्षा-दीड वर्षाने कोकणात तोंडवलीला घरी येत. वाफेच्या नळांना गुंडाळायला बोटीवर एक पांढरं, कापसासारखं मऊ कापड असे. त्याचा तुकडा त्यांनी एकदा आईला आणून दिला आणि "हेका आग लागणा नाय" म्हणून चुलीत धरून दाखवला. आई त्याने तापलेला टोप उतरवायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा ते कायमचे घरी आले. खोकला, धाप आणि छातीत पाणी. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्षय समजून सुया सुरू केल्या. पाणी काढलं की पुन्हा भरे. बाबांनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. आपली चटई उचलली आणि माडांखालच्या, झावळ्यांच्या झापांनी शाकारलेल्या खोपीत राहायला गेले. ताट, तांब्या वेगळा. ताट स्वतः वाळूने घासून उन्हात पालथं घालत. आई पेज दाराशी ठेवी आणि मागे सरे.

त्याच सुमारास बहीण बाळंतपणाला आली होती. तिला मुलगी झाली, बाबांची पहिली नात. बहिणीने ओट्यावरून उंच धरून दाखवली, तेवढीच त्यांनी पाहिली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो आणि खोपीपाशी जाऊन बसलो.

"लांब बस रे," ते म्हणाले.

"बसलंय लांब."

"आणखी."

मी सरकलो. घरातून पोर रडल्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत बाबांनी कान तिकडेच लावला. मग म्हणाले, "तुमका थंय कॉलेजात एवढां शिकवतत. माका एक सांग. चेडवाक एकदा मांडयेर घेवक गावात काय माका?"

नातीला मांडीवर घ्यायला मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी घाटावरच्या एका शहरात शिकत होतो आणि संध्याकाळी तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम शिकायला जात होतो. तिथल्या डॉक्टरसरांना विचारलं आणि बाबांना घाटावर नेलं. त्यांच्या फुप्फुसावरच्या अस्तराचा नखाएवढा तुकडा तपासायला काढला. असा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप करायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या पट्टीवर उचलायचे आणि मग रंगवायचे. रंगाशिवाय काचेवर नुसता धुरकट डाग दिसतो. त्यातून काही कळत नाही.

पहिल्या काचांवर क्षयाचे जंतू सापडले नाहीत. सापडल्या त्या वेड्यावाकड्या वाढलेल्या पेशी. सर म्हणाले, "ही गाठ दिसते. पण फुप्फुसातून आलेली की अस्तराचीच? ते नक्की कळू दे. तोवर क्षय नाही असं मी म्हणणार नाही."

ते कळण्यासाठी जो रंग देतात, त्याच्या आधी एक काच माणसाच्या लाळेत ठेवावी लागते. सांगायला संकोच वाटतो, पण पद्धतच तशी आहे. भात खूप वेळ चावला की गोड लागतो, तो लाळेचाच गुण. त्याच गुणाने पेशींतली साठवलेली साखर विरघळते. जोडीच्या दोन काचा घ्यायच्या, एक पाण्यात ठेवायची, एक लाळेत, आणि मग दोन्हींना तोच गुलाबी रंग द्यायचा. लाळेतल्या काचेवर गुलाबी चढला नाही, तर ती साखर होती, आणि मग अस्तराच्या गाठीचा संशय वाढतो. चढला, तर तो चिकट स्राव. तसा फुप्फुसातून आलेल्या गाठीत सापडतो.

आमचे जुने टेक्निशियन तंबाखू खात, त्यामुळे त्यांची लाळ बाद. त्यांनी माझ्यापुढे बशी धरली.

"थुंका, कोकणचे राजे. सुका बांगडा खाऊन आला नाहीत ना? नाहीतर काचेमागे मांजरं लागतील."

मी तसाच उभा.

"अरे, लाजतोस काय नव्या नवरीसारखा?"

काचेवर नुसता आकडा असतो. त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ही माझ्या वडिलांची काच आहे."

त्यांनी बशी खाली ठेवली. "मग तू बस बाहेर. मी दुसऱ्या कुणाला हाक मारतो."

"नको," मी म्हटलं.

लहानपणी बाबा बोटीवरून आले की मला आपल्याच ताटात जेवायला घेत. माशाचे काटे काढून भाताचा घास करत, गरम आहे का ते आधी स्वतःच्या ओठाला लावून बघत आणि मग मला भरवत. त्यांचं उष्टं खाऊनच मी वाढलो. आणि आता कित्येक महिने आम्ही सगळे त्याच उष्ट्याला भीत होतो. मी तोंड धुऊन आलो आणि बशी पुढे ओढली.

तो रंग बाटलीत पाण्यासारखाच दिसतो. काच त्यातून काढून नळाखाली धरली की गुलाबी हळूहळू चढत जातो, नारळाच्या रसात कोकमाचं आगळ उतरावं तसा. पाण्यातल्या काचेवर तो चढला. माझ्या लाळेतल्या काचेवर तिथे काहीच उरलं नव्हतं. पुढे निळ्या रंगाची आणखी एक परीक्षा झाली, तिचाही कौल तोच आला.

"मेसोथेलिओमा," सर म्हणाले. "अस्तराचीच गाठ, आणि वाईट जातीची. क्वचित बघायला मिळते." वडील काय काम करायचे, ते त्यांनी विचारलं. मी इंजिनखोली सांगितली, पांढरं कापडही सांगितलं. परदेशात त्या कापडातल्या ॲस्बेस्टॉसविषयी हल्ली काही लिहून येतंय, एवढंच ते म्हणाले.

"औषध, सर?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"दुसऱ्याला लागतं का हे?"

"छे. लागत नाही."

"एका ताटात जेवलं तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "खुशाल जेवा," म्हणाले.

माझा चेहरा उजळला असावा, कारण सरांनी मला पुन्हा विचारलं, "मी काय सांगितलं ते कळलं ना तुला?" कळलं होतं.

एसटी स्टँडवर बाबांना सांगितलं. "क्षय नाय, बाबा. गाठ आसा. तेका औषध नाय."

"लागता कोणाक?"

"नाय."

"म्हणजे चेडवाक घेतला तर चलात?"

"चलात."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. औषधाचं त्यांनी काही विचारलं नाही. "सावंतवाडीक गाडी बदलूची लागता," म्हणाले, "थंय लाकडी खुळखुळो गावतलो." गाडीत बसल्यावर खिडकीतून हात काढला. "जवळ ये रे." मी जवळ गेलो. त्यांनी माझा गाल धरून ठेवला, कंडक्टरने घंटी मारेपर्यंत.

परीक्षेसाठी मी घाटावर राहिलो. काचा रंगवताना रोज वाटे, आता घरी पानं मांडली असतील. खोप रिकामी असेल. बाबा आत, सगळ्यांच्या पंगतीत. मला फक्त तिथे, त्यांच्या शेजारी बसायचं होतं. कधी नळाखाली गुलाबी चढताना घरची सोलकढी आठवे.

शेवटचा पेपर देऊन आलो, तर वसतिगृहाच्या पायरीवर आमच्या वाडीतले काका बसलेले. ते सुकी मासळी विकायला घाटावर येत.

"परीक्षा झाली?"

"झाली."

"एकय पेपर रवाक नाय?"

"नाय."

"मगे आयक. तुझो बापूस गेलो रे. दिवसकार्यय झाला. तेनाच बजावलेल्यान, परीक्षा होवंदे, मगे सांगा."

मला एकच सुचलं. "खंय? खोपीत?"

"खोपीत कित्याक? घरात. आदल्या दिसा चेडवाचा उष्टावण होता. पयलो घास भरवचो मान मामाचो, पण तू हयसर. म्हणान तेनाच भरवल्यान." काकांनी पंच्याने तोंड पुसलं. "मांडयेर घेतल्यान, खिरीचो घास आधी आपल्या ओठाक लावन बघल्यान, गरम आसा काय. मगे भरवल्यान."