गजूभाऊ आणि ऑटोराउटर

किस्से जमवायला आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी बसत नाही. कामाला बसतो आणि संध्याकाळपर्यंत एखादा होऊनच जातो. अमरावतीच्या एमआयडीसीत आम्ही शेतातल्या मोटरपंपांचे ऑटो स्टार्टर बनवतो. त्यांच्या सर्किट बोर्डावरचे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेषा, वीस वर्षं गजूभाऊंनी एकेक करून ओढले. गेल्या वर्षी मी कॉम्प्युटरवर ऑटोराउटर आणला. पार्ट मांडा, बटण दाबा, ट्रॅक तोच ओढतो.

*

पहिल्या दिवशी गजूभाऊ खुर्ची ओढून शेजारी बसले. स्क्रीनवर ट्रॅक उमटत, पुसले जात, दुसरीकडून पुन्हा उमटत. चहा थंड झाला तरी ते उठले नाहीत.

“आत्ता केलेला रस्ता लगेच खोदून राहिला,” ते म्हणाले. “रस्त्याचे ठेके घेत होता काय पहिले?”

*

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर तो अडला. दोन जोडण्या उरल्या. आम्ही जेवून आलो, तरी दोनच.

“पत्रिका छापली, अन् नवरी सापडून नाही राहिली,” म्हणत गजूभाऊंनी स्क्रीनवरचा एक आयसी, म्हणजे चिप, उलटा फिरवला. मिनिटात शंभर टक्के!

“याले रस्ते समजतात. घराचं तोंड फिरवावं, हे कावून नाही समजत?” त्यांनी खरंच विचारलं होतं.

*

मग मोर्शीच्या एका संत्रावाल्याचा बोर्ड आला. राउटरने मेन लाइनचा ट्रॅक सेन्सरच्या बारीक ट्रॅकला अगदी खेटून नेला. गजूभाऊंनी प्रिंट पाहिली.

“हा मोर्शीले पोचला, की पंपाच्या आधी हाच धूर सोडीन.”

राउटरची चूक नव्हती. किती अंतर ठेवायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते फक्त गजूभाऊंच्या डोक्यात होतं.

वर्कशॉपचे मालक, आमचे साहेब, मला म्हणाले, “गजाननच्या डोक्यातलं सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये टाक. मंग बटण दाबलं का झालं.”

गजूभाऊंनी ते शेजारून ऐकलं. संध्याकाळी निघताना ते गाडीला किक मारता मारता थांबले. “डोकं काढून घेतल्यावर बाकीच्या मानसाचं काय करता?”

मला फार वाईट वाटलं. राउटर मीच आणला होता.

*

दुसऱ्या दिवशी नियम लिहायला बसलो.

“मेन लाइनपासून सेन्सर किती लांब, गजूभाऊ?”

“माह्या करंगळीएवढा.”

“मिलिमीटरमध्ये सांगा ना.”

त्यांनी करंगळी पुढे केली. “मोज.”

मी करंगळीच्या जाडीला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी, लावला. साडेबारा मिलिमीटर. टाइप केलं. राउटर सुरळीत चालला, बोर्ड शंभर टक्के झाला. साहेब खूश.

पुढच्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतः मोजून पाहायचं ठरवलं. गजूभाऊंनी तीच करंगळी टेबलावर ठेवली, साहेबांनीच व्हर्नियर लावला. तेरा.

साहेबांनी पुन्हा मोजलं. तेराच.

“बोट हाये सायेब, कमी-जास्त होते,” गजूभाऊ शांतपणे म्हणाले. “मले रोज या लागीन.”