दिलेली फाईल आणि माझा हात

वडगावच्या आमच्या घरात पुढं यंत्रमाग आणि मागच्या खोलीत मी. मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो, थोरली आक्का साड्यांची डिझाईनं काढते. आजवर ती दुसऱ्यांनी सांगितलेलीच काढायची. यंदा पहिल्यांदा तिनं स्वतःच्या मनानं काठपदर काढले आणि ते बघायला निपाणीचे एक साडीवाले यायचे होते. त्यांना पसंत पडले तरच मागावर चढणार.

ते पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम अर्थातच मी लिहिला. आदल्या दिवशी आक्कानं चालवून बघितला. पहिलं डिझाईन झकास आलं. दुसऱ्याच्या जागी काळाकुट्ट पडदा.

"काय रं, माझ्याच डिझाईनवर उठलाय व्हय ह्यो?"

मी आधी कॉम्प्युटरला मनसोक्त शिव्या घातल्या, मग नाइलाजानं स्वतःचं लिखाण वाचलं. उघडलेल्या प्रत्येक फाईलला कॉम्प्युटर एक नंबर देतो. तो नंबर मी एका लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रामच्या, हवाली करत होतो. ती लायब्ररी फाईल पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडं पोचवते आणि आपल्या बाजूनं स्वतःच बंद करते. पण मला भरवसा कुठला! मी मागनं जाऊन तोच नंबर पुन्हा बंद करत होतो. तोवर तो मोकळा झालेला नंबर पुढच्या डिझाईनच्या फाईलला मिळालेला असायचा, म्हणजे बंद पडायचं ते पुढचं. मी गुपचूप ती एक ओळ खोडली. सगळी डिझाईनं ओळीनं दिसायला लागली.

साडीवाले आले, चहा आला. मी आक्काच्या हाती माऊस दिला आणि लगेच तिच्या खांद्यावरनं बोट नाचवत साडीवाल्यांना सांगायला लागलो, "अण्णा, ह्यो पदर बघा..."

"माऊस मला दिलास न्हवं? मग हात काढ की," आक्का म्हणाली.

मी तोंड पाडून खुर्चीत बसलो. एका काठापाशी साडीवाले थांबले. "हे पान कसलं? आंब्याचं तर न्हाय."

"तुमच्या निपाणीकडचंच की. तंबाखूचं," आक्का म्हणाली.

ते खो खो हसले. "साडीला तंबाखू! लई भारी. कुणाच्या डोक्यातनं आलं हे?"

सवयीनं आक्कानं माझ्याकडं बघितलं. घरी आलेल्या माणसांशी आजवर बोलायचो मीच. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, ते कसंबसं गिळलं.

"माझ्या," आक्का म्हणाली. मला इतका आनंद झाला, की साडीवाल्यांच्याच कपात उरलेला चहा मी पिऊन टाकला.