चाकांच्या टेबलावरचा तराजू

मंगळवार, ४ सप्टेंबर १९८४. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मल्हारी गांगुर्डे तराजूच्या काचपेटीचं दार लावून काट्याकडे बघत बसले आहेत. डाव्या पारड्यात एक ग्रॅम माती आहे, निदान असायला हवी. काटा डावीकडे दोन रेघा जातो, उजवीकडे चार, परत डावीकडे पाच. थांबत नाही. या टेबलाला जोडूनच लावलेल्या दुसऱ्या टेबलावर लताबाई संचालक मंडळाच्या सभेची नोटीस टाइप करताहेत. ओळ संपली की त्या टाइपरायटरचा वरचा भाग खटकन मागे ढकलतात, आणि काटा पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन येतो.

"लताबाई, जरा," गांगुर्डे म्हणतात.

लताबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबतात. काटा स्थिरावतो, गांगुर्डे वजन वहीत लिहितात आणि मान हलवतात. टाइपिंग पुन्हा सुरू होतं. सकाळपासूनची ही अकरावी वेळ.

गोदातीर बागायतदार सहकारी संघाची माती तपासणी प्रयोगशाळा गंगापूर रोडवरच्या एका बैठ्या इमारतीत आहे. निफाड, दिंडोरीकडचे द्राक्षवाले इथे माती आणून देतात. मातीत सेंद्रिय कर्ब किती, स्फुरद किती, पालाश किती, हे तपासून संघ अहवाल देतो आणि त्यावरून शेतकरी खताची मात्रा ठरवतो. अहवाल ऑक्टोबर छाटणीच्या आत हातात पडला तर उपयोगाचा. नंतर आला तर फायलीला लावण्यापुरता. दर अहवालाच्या तळाशी 'तपासणारा' अशी एक ओळ असते आणि तिच्यावर गांगुर्ड्यांची सही असते. यंदा सप्टेंबर उजाडला तरी तीनशे बारा नमुन्यांपैकी एकाही अहवालावर ती झालेली नव्हती.

गांगुर्डे सेहेचाळीस वर्षांचे आहेत. वडील मनमाडला रेल्वेत गँगमन होते. हे मॅट्रिक झाले आणि १९६६ साली या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. तेव्हाच्या रसायनतज्ज्ञांनी त्यांचा हात पाहिला आणि दोन वर्षांत त्यांना तराजूवर बसवलं. ते नाशिकरोडला राहतात, सायकलने येतात. त्यांची एक सवय सगळ्या संघाला ठाऊक आहे. संघाच्या रोपवाटिकेतली माती त्यांनी १९६८ साली चाळून, वाळवून एका मोठ्या बरणीत भरली. त्या मातीतला कर्ब शून्य पूर्णांक बासष्ट टक्के. दर वीस नमुन्यांमागे एक नमुना ते या बरणीतून घेतात. बासष्ट आला, किंवा एकदोनने इकडेतिकडे, तर वीसच्या वीस पास. नाही आला तर वीसही पुन्हा. बरणीवरच्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात 'खूणमाती' असं लिहिलेलं आहे. संघातले लोक तिला गांगुर्ड्यांचं दैवत म्हणतात. गांगुर्डे बौद्ध असल्यामुळे हा विनोद आणखी रंगतो, आणि त्यांनी तो कधी मनावर घेतलेला नाही.

हा सगळा घोळ सुरू झाला तो त्यांच्याच एका अर्जाने.

प्रयोगशाळा आणि कार्यालय यांच्यामध्ये भिंत होती. आकडे कागदावर मांडायचे, व्हरांड्यातून वळसा घालून कार्यालयात न्यायचे, तिथे कारकून ते दुसऱ्या कागदावर उतरवणार, त्यावरून लताबाई टाइप करणार. १९८१ साली या फिराफिरीत सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर या नमुन्यांच्या अहवालांची अदलाबदल झाली आणि दोन शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेताची खतं टाकली. त्याआधी आणि त्यानंतर, नऊ वर्षांत तीनदा, गांगुर्ड्यांनी लेखी मागणी केली होती. भिंतीत दीड फुटाची खिडकी पाडावी. मूळ वही खिडकीतून थेट टाइपिस्टकडे जाईल, उतरवून घेणं संपेल.

मे महिन्यात व्यवस्थापक खंडेराव निकम तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले. कामाच्या जागा मोकळ्या असाव्यात, माणसं एकमेकांना दिसावीत, टेबलं हलती असावीत म्हणजे कामाप्रमाणे मांडणी बदलता येते, असं त्यांना तिथे शिकवलं होतं. यात चुकीचं काही नव्हतं. निकम कामाचा माणूस आहे. त्यांनी जुन्या फायली काढल्या, गांगुर्ड्यांचे तिन्ही अर्ज वाचले आणि मंडळासमोर ठराव ठेवला. ठरावाची सुरुवातच अशी आहे: प्रयोगशाळा सहायक श्री. गांगुर्डे यांच्या वारंवार मागणीनुसार.

जुलैत अख्खी भिंत पाडली.

त्या भिंतीत कडाप्प्याची एक जाड फरशी बसवलेली होती. अठरा वर्षं तराजू तिच्यावर होता. ती काढताना दुभंगली. तराजू आता सातपूरहून करून आणलेल्या चाकांच्या टेबलावर आला. टेबलं एकमेकांना जोडून लांब ओळ केली, म्हणजे गांगुर्ड्यांनी आकडा सांगायचा आणि लताबाईंनी तिथल्या तिथे टाइप करायचा. दर सोमवारी कामानुसार मांडणी बदलायची. प्रत्येक वेळी टेबल हललं की तराजू पुन्हा समपातळीत आणायला पाऊण तास जातो. कारकुनांसाठी पंखा हवा, आणि पंखा चालू असला की काचपेटी उघडताच चमच्यातली माती उडते.

खूणमातीचा कर्ब एकाहत्तर आला. दुसऱ्या दिवशी पंचावन्न. तिसऱ्या दिवशी अडुसष्ट. गांगुर्डे वीस-वीसचे गट बाद करत गेले. ऑगस्ट तसाच गेला.

त्यांनी विटांचा एक सुटा ओटा मागितला, तीन फूट उंच, कोणत्याही टेबलाला न टेकणारा. निकमांनी विचार केला आणि नकार दिला. ओटा हलत नाही, मग मांडणी बदलणार कशी? लताबाईंनीही अर्ज दिला होता. शेजारी आम्लाचं काम चालतं, दोन साड्यांना भोकं पडली, टाइपरायटर कुठेही हलवा. त्यांना उत्तर मिळालं की टाइपिस्ट तपासणीजवळ असणं हाच या योजनेचा गाभा आहे.

शुक्रवारी, सात तारखेला, निफाडकडचे जयराम बोरस्ते अहवालाला आले. जूनपासूनची ही त्यांची तिसरी खेप. अहवाल नाही म्हटल्यावर ते काउंटर शोधत राहिले, कारण काउंटरही भिंतीबरोबर गेला होता. मग गांगुर्ड्यांच्या टेबलाला हात लावून त्यांनी ते थोडं सरकवून पाहिलं.

"गांगुर्डेभाऊ, संघाला चाकं लागली म्हणायची. पण गाडी हाय तिथंच हाय."

"हात काढा, जयरामभाऊ. आता पुन्हा पातळी लावावी लागंल."

बोरस्त्यांनी हात काढला. छाटणी सहा ऑक्टोबरला धरली आहे, मजूर सांगून ठेवलेत, तोवर कागद मिळाला नाही तर गेल्या वर्षीसारखं अंदाजानं खत टाकीन, असं सांगून ते गेले. गेल्या वर्षी त्यांनी अंदाजाने टाकलं होतं आणि वेली नुसत्या पानांनी माजल्या होत्या. गांगुर्ड्यांना हे माहीत होतं. दुपारची पाऊण तासाची सुट्टी त्यांनी पातळी लावण्यात घालवली.

बुधवारी बारा तारखेला संचालक पाहणीला आले. मोकळा हॉल त्यांना आवडला. एकाने बोटाने तराजूचं टेबल ढकललं, ते सुरकन गेलं, आणि तो हसला. गांगुर्ड्यांनी निकमांची परवानगी घेऊन ते टेबल परत ओळीत लावलं, संचालकांचा चहा होईपर्यंत पातळी लावून काटा स्थिर केला आणि लताबाईंना एक ओळ टाइप करायला सांगितलं. सहा संचालक काचपेटीभोवती वाकले. काटा नाचला. सगळ्यांनी पाहिलं.

टेबल ढकलणाऱ्या संचालकाने सुचवलं की बाईंनी हळू टाइप करावं.

पुढचं पत्र लताबाईंनी एका बोटाने टाइप केलं, एकेक अक्षर, सगळे जाईपर्यंत.

संध्याकाळी निकमांनी गांगुर्ड्यांना बोलावलं. आता कुणाला खोली नसल्यामुळे हे बोलणंही सगळ्यांसमोर झालं. निकमांसमोर चाळीस अहवाल होते, बाद गटांतलेच आकडे घालून तयार केलेले. शेतकरी खोळंबलेत, दहावीस टक्क्यांचा फरक निसर्गातच असतो, सही करा, असं त्यांचं म्हणणं. गांगुर्डे म्हणाले, फरक निसर्गात नाही, टेबलात आहे. माझ्याऐवजी कुणी सही करणार असेल तर 'तपासणारा' म्हणून त्याचं नाव घाला. कारकुनांनी माना खाली घातल्या. कुणी पुढे आलं नाही.

"तुम्हाला माणसांत बसायचंच नाही, गांगुर्डे," निकम म्हणाले. "आज ओटा मागता, उद्या भिंत मागाल. मी ती पाडली म्हणून तुम्ही आज सगळ्यांबरोबर बसता."

"साहेब, माणसं लांब ठेवायची भिंत मी लहानपणापासून ओळखतो. ती पाडली असती तर पहिली कुदळ मी मारली असती. ही भिंत वारा अडवत होती."

निकम अहवाल गोळा करू लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले की सर्वसाधारण सभा तीस तारखेला आहे. पाडलेली भिंत दोन महिन्यांत पुन्हा बांधली, हे तिथे सांगता येणार नाही. आणि ठरावात नाव तुमचंच आहे.

चाळीस अहवाल त्यांनी खणात टाकले. शुक्रवारी चौदा तारखेला लेखी आदेश आला. मांडणी आहे तशी राहील. सोमवारची हलवाहलव छाटणी होईपर्यंत बंद. वजनाचं काम टाइपरायटर व पंखे बंद असताना, म्हणजे कार्यालयीन वेळेआधी करावं. यासाठी जादा भत्ता देय नाही. गांगुर्ड्यांनी आदेश दोनदा वाचला आणि पोच दिली. साडेसहाला पोहोचायचं तर घरून पावणेसहाला निघावं लागेल, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. लताबाईंनी विचारलं, ओट्याचं काय? ते म्हणाले, सभेनंतर चौथा अर्ज करतो. त्यावर लताबाई म्हणाल्या, जपून लिहा, यावेळी छप्पर काढतील. त्या दिवसात गांगुर्डे पहिल्यांदा हसले, पण फार नाही.

शिपाई बारकूने संध्याकाळी टेबलाच्या चारही चाकांना विटा लावल्या. एक वीट तुटकी निघाली म्हणून मागच्या आवारात, पाडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यातून, दुसरी आणली. गांगुर्ड्यांनी पातळी लावली आणि टेबलावर खडूने 'हात लावू नये' असं लिहिलं.

एका वजनाला चार मिनिटं, एका नमुन्याची तीन वजनं. पातळी तपासायला वीस-पंचवीस मिनिटं सोडली तर तीन तासांत बारा नमुने आणि खूणमाती धरून तेरा. छाटणीच्या आत सगळे होणार नाहीत, हे त्यांनी हिशेब करून निकमांना लिहून दिलं आहे. कोणते आधी घ्यायचे, तेही त्यांनाच ठरवायला सांगितलं आहे. त्यावर उत्तर आलेलं नाही, म्हणून नमुने आवक क्रमांकाने घेतले जातील. बोरस्त्यांचा क्रमांक एकशे अठ्ठ्याण्णव आहे, म्हणजे कामाचा सतरावा दिवस, त्यांच्या छाटणीच्या अगदी तोंडावर.

उद्या शनिवार, १५ सप्टेंबर. बारकू साडेसहाला कुलूप काढेल, साडेनऊला पंखे लावेल. या वेळात क्रमांक एक ते बारा यांची वजनं होतील.