काकांचं जेवण बकरीला

वाडीत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो, त्या घरमालकीण काकूंनी आयुष्यात एकदा तरी निर्धास्त श्वास घेतला असेल, यावर माझा विश्वास नाही. गॅस बंद केला की तो चालू राहिल्याची काळजी, चालू असला की तो संपायची. अशा बाईच्या घरात त्या वर्षी काळजीचं खरोखरीचं कारण आलं. काकांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यावर त्यांनी अन्नाकडे पाठच फिरवली. ताट दिसलं की ते भिंतीकडे तोंड करत. घरच्या बकरीचं कपभर दूध तेवढं घशाखाली उतरे. अंगात ताकद आल्याशिवाय पुढचे उपचार सुरू करता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

यावर काकूंनी काढलेला मार्ग फक्त काकूच काढू शकत. माणूस खात नाही ना, मग बकरीला खाऊ घालायचं! "जाते कुठं, भाऊ? तिच्या पोटातून दुधात अन् दुधातून यायच्या पोटात," असं त्या काकांकडे बोट दाखवून मला समजावत. लकडगंजच्या बाजारातून तुरीची चुनी आली, सरकीची ढेप, म्हणजे पेंड आली, जवस आला. भेटायला येणारे काकांसाठी सफरचंदं आणत. त्यांची पाठ वळली की ती चंद्रीपुढे, म्हणजे बकरीपुढे. मुलीनं बापासाठी महागाची प्रोटीन पावडर पाठवली, तीही चॉकलेटची. काकांनी ती तोंडाला लावली नाही, तेव्हा काकूंनी ती बिनदिक्कत ढेपेत कालवली. तापवलेल्या दुधाची पहिली वाटी चव बघायला माझ्याकडे येई. दाट झालंय म्हटलं की त्यांचा चेहरा खुले आणि लगेच उतरे. "लय दाट त नाही ना? पचन का यायले?" घरासमोरून जाणाऱ्या ट्रकच्या हॉर्ननं चंद्री दचकली आणि तिनं पान्हा चोरला, तर काय घ्या! म्हणून धारेच्या वेळी त्या रस्त्यावर जाऊन ड्रायव्हरांना दटावत. ते बिचारे हॉर्न न वाजवता गाड्या काढत. मी हसायचो, पण खरं सांगायचं तर काकांचे दिवसेंदिवस बारीक होणारे हात मलाही बघवत नव्हते.

आणि एके सकाळी चंद्रीनंच खाणं सोडलं. पोट फुगलेलं, रवंथ बंद. जनावरांच्या डॉक्टरांनी काय काय घालता म्हणून विचारलं. काकू सांगत गेल्या. प्रोटीन पावडर ऐकल्यावर डॉक्टर खालीच बसले.

"काकू, मूठभर जवस ठीक आहे, थोडं खनिज मिश्रणही द्या. त्यानं दूध सुधारते. पण तिच्या पोटाले आधी पाला पाहिजे. घातलं ते सगळं दुधात उतरत नाही जी."

औषध चालू असेपर्यंत तिचं दूध काकांना द्यायचं नाही, असंही ते बजावून गेले. दुसरीकडचं दूध आणलं, ते काकांनी वास घेऊनच परत केलं. काकू पदर तोंडाशी धरून ओट्यावर बसल्या. "मीनंच दोघायलेही उपाशी मारलं," एवढंच म्हणत राहिल्या.

दुपारी आतून काकांचा आवाज आला, "काहून वं, चंद्री खाऊन नाही राहिली का? तिले इकडं आण."

मी चंद्रीला त्यांच्या खाटेपाशी बांधलं. त्यांनी मी आणून दिलेली बोरीची डहाळी तिच्या तोंडाशी धरली. तिनं तोंड फिरवलं. मग त्यांनी उशाशी झाकून ठेवलेली भाताची वाटी उघडली आणि म्हणाले, "हे पाह्य, एक पान तू, एक घास मी. कबूल?" त्यांनी घास तोंडात घातला. कसनुसा चेहरा करून गिळला. डहाळी पुन्हा पुढे केली. चंद्रीनं हुंगली, आणि एक पान ओढलं.

दारात उभ्या काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. वाटी निम्मी झाली. मला वाटलं, आता तरी ही बाई हसेल. त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "भाऊ, एकदम एवढा भात बाधन त नाही ना?"

पुढे उपचार सुरू झाले. माझी बदली झाली आणि वाडी सुटली. काकूंचा फोन अजून येतो. नाव दिसलं की छातीत धस्स होतं. पलीकडून त्या चंद्रीला सर्दी झाल्याचं, तिनं पाला तसाच ठेवल्याचं सांगत राहतात. मी खोदून खोदून चंद्रीचंच विचारतो. काकांबद्दल त्या आपणहून बोलत नाहीत, आणि विचारायचा मला धीर होत नाही.