गेले चाळीस डबे, आले त्रेपन्न

माल विकला की तो कमी होतो, असं मी बावीस वर्षं समजत होतो. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल आणि उरलेला माल, याशिवाय मला आयुष्यात काहीही कळत नाही, असं आमच्या घरचं मत आहे. निदान तेवढं तरी कळतं, अशी माझी समजूत होती. गेल्या जानेवारीत तीही गेली!

त्याचं असं झालं. आमच्या कॉलनीच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा संघ आहे आणि माझी मुलगी मुग्धा त्याची कर्णधार आहे. या संघाला पहिल्यांदाच बाहेरून, थेट सोलापूरहून स्पर्धेचं बोलावणं आलं. मुली दोन दिवस हवेत होत्या. तिसऱ्या दिवशी संघाच्या सरांनी पालकांची सभा घेतली आणि सांगितलं की बस ठरवायला पैसे नाहीत. काही जमलं नाही तर नकार कळवावा लागेल.

अशा सभेत जो पहिला बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असतं. म्हणून सगळे पंख्याकडे बघत बसले होते. (थंडीमुळे पंखा बंद होता, तरीही!) तेवढ्यात मला खोकला आला.

"हं, बोला!" सर म्हणाले.

आता खोकला होता असं म्हणणं बरं दिसेना. मी म्हणालो, "आपण विक्री करू. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी-रविवारी. घरोघरी पदार्थ करायचे आणि मैदानावर टेबल मांडायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विचार आवडल्याच्या नव्हेत, सुटल्याच्या!

पदार्थांचं सोपं होतं. सोनवणे वहिनींची मुलगी संघात आहे आणि वहिनींच्या हातचा चिवडा अख्ख्या कॉलनीत प्रसिद्ध आहे. बाकीच्यांनी चिवडा, लाडू आणि चटण्या वाटून घेतल्या. अडलं ते बांधून देण्यावर. मुलींनी प्लास्टिक वापरायचं नाही असं ठरवलेलं, आणि कागदी पिशवीतून लाडवाचं तूप झिरपतं. तेव्हा मी माझी बावीस वर्षं बाहेर काढली.

"घरचे स्टीलचे डबे वापरायचे. गिऱ्हाइकानं डब्यासकट माल न्यायचा आणि रविवारी डबा परत आणून द्यायचा. आमच्याकडे याला रिटर्नेबल म्हणतात. वहीत नोंद केली की विषय संपला!"

घरी आल्यावर वंदना, म्हणजे आमची सौ., एवढंच म्हणाली, "अहो, डबे परत येतील. पण तसेच येतील का?"

"तसेच म्हणजे? कुणी पोचे पाडेल?"

"काही नाही. तुम्हाला सगळं कळतं." आमच्याकडे हे वाक्य आलं की नवऱ्यानं थांबून विचार करायचा असतो. मी थांबलो नाही.

शनिवारी विक्री दणक्यात झाली. चाळीस डबे एक वाजायच्या आत संपले. मी वहीत चाळीस नोंदी केल्या आणि खाली दोन रेघा मारल्या. बसचं निम्मं काम झालं होतं. उरलेलं रविवारी व्हायला हवं होतं, कारण रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ॲडव्हान्स मिळाला नाही, तर बसवाला गाडी एका शाळेच्या सहलीला देणार होता. मुग्धा म्हणाली, "बाबा, मस्त झालं रे!" ही मुलगी चौदा वर्षांची झाल्यापासून माझ्याबद्दल मस्त हा शब्द वापरत नाही. मला खरोखर भरून आलं.

रविवारी सकाळी साडेआठला पहिला डबा परत आला. कॉलनीतल्या कुलकर्णी आजी स्वतः घेऊन आल्या. हातात घेतला तर जड!

"आजी, चिवडा आवडला नाही का?"

"आवडला की! संपवला. या गुळाच्या पोळ्या आहेत. रिकामा डबा कसा द्यायचा रे? सोनवण्यांच्या सुनेला दे."

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी जन्मल्यापासून बघतोय. आईनं मला शेजारी डबा द्यायला पाठवताना काही नसलं तर चमचाभर साखर तरी घातलेली आहे. पण कारखान्यातली पिंपं कधी कुणी साखर घालून परत केली नव्हती, त्यामुळे ही बाब माझ्या डोक्यातून साफ निसटली होती.

मग रीघच लागली. कुणी वड्या, कुणी शेंगदाण्याची पोळी, कुणी पाव किलो रवा. अकरा डब्यांत नुसती साखर. काहींना वाटलं, एवढ्या चांगल्या कामाला एक डबा कमी पडतो, म्हणून त्यांनी स्वतःचा आणखी एक भरून आणला. सर्वांत शेवटी आले ते आहेर आडनावाचे शेतकरी. त्यांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे आणि मुलगी संघात आहे. त्यांनी शनिवारी एक डबा लाडू नेले होते. तो डबा द्राक्षांनी भरलेला होताच, शिवाय मागून दोन क्रेट उतरले.

"आहेर, हे काय?"

"डबा लय बारका हाय ना साहेब! तेवढंच दिलं तर बरं दिसत नाय. सगळ्यांना वाटून टाका."

मी वही उघडली. काल गेले चाळीस, आज आले त्रेपन्न, सगळे भरलेले. विक्री होऊन माल वाढला होता! बावीस वर्षांत असा हिशेब मी पाहिला नव्हता, आणि ऑडिटवाल्यांनी पाहिला असता तर मला पोलिसांत दिलं असतं.

इथे शहाण्या माणसानं बायकोला फोन केला असता. मी स्टोअर्सच्या पद्धतीनं गेलो. माल आलाय ना, मग विकून टाकू! सोनवणे वहिनींचा ताजा चिवडा आणि आणखी चार घरांचे चिवडे टेबलावर होतेच. एका प्रकारचा माल एका जागी ठेवायचा, या नियमानं मी पाचही चिवडे एका पातेल्यात ओतले आणि छान कालवले. गुळाच्या पोळ्या पुढे मांडल्या. त्या लगेच गेल्याही!

अर्ध्या तासानं कुलकर्णी आजी परत आल्या. हातात तोच डबा.

"पाहुणे यायचेत म्हणून सुनेनं इथून पोळ्या विकत आणल्या. या माझ्या पोळ्या आहेत."

"हो आजी, छानच आहेत."

"छान आहेत ते मला माहितीये! मी केल्यात! सोनवण्यांच्या सुनेला प्रेमानं दिलेलं तू मलाच विकलंस?"

मी काही बोलणार तोच खुद्द सोनवणे वहिनी आल्या. आजींच्या पोळ्या आपल्याला आल्या होत्या आणि आपण त्या विकल्या, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं. त्यांची नजर पातेल्याकडे गेली.

"माझा चिवडा कुठाय?"

"यातच आहे वहिनी."

"यात म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्यांचा एकत्र केला. मोजायला सोपं."

वहिनींनी चिमूटभर तोंडात घातला आणि डोळे मिटले. "यात बडीशेप आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या चिवड्यात बडीशेप! लोक माझं नाव घेऊन खाणार हे!" बाकीच्या चार घरच्या बायकाही जमल्या. गिऱ्हाइकं खरेदी सोडून भांडण ऐकायला उभी राहिली. दोन तास दमडीची विक्री नाही. मुली मैदानाच्या कडेला ओळीत बसून बघत होत्या. मुग्धा माझ्याकडे बघत नव्हती. चार वाजले होते. माझे पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि माझ्या हुशारीनं बारा पोरींची सोलापूरची वाट अडवली, याची मला मनापासून लाज वाटत होती.

मी वंदनाला फोन केला. ती आली, टेबल पाहिलं, मला पाहिलं. "बाजूला बसा," म्हणाली. मी द्राक्षांच्या क्रेटवर बसलो.

आधी तिनं आजींना खुर्ची दिली आणि पोळ्यांचे पैसे परत केले. मग सगळ्यांना विचारलं, "तुमचा खाऊ मुलींसाठी विकला तर चालेल?" मुलींसाठी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! वहिनींनी तर पोळ्यांवरचा हक्क जाहीरपणे सोडला. वंदनानं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली, कुणाच्या घरचं काय आहे त्याची. आणि मग जे झालं ते कुठल्याही स्टोअर्सच्या पुस्तकात नाही. दुसऱ्याच्या घरात काय शिजतं, हे चाखून बघायला अख्खी कॉलनी लोटली! "बघू तरी, त्या एवढं बोलतात ते," असं म्हणत जो तो डबे नेऊ लागला. पातेल्यातला चिवडा 'पंचमेळ' म्हणून आहेरांनी एकट्यांनी उचलला. "मजुरांना वाटतो, लय झाक लागतंय!" साडेपाचला टेबल रिकामं झालं आणि पावणेसहाला सर बसवाल्याकडे पोचले.

आठवड्यानं पुन्हा पालकांची सभा झाली. मुलींबरोबर एक पालक पाठवायचा होता. मी मागच्या रांगेत, तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. तेवढ्यात मुग्धाचाच आवाज आला, "माझ्या बाबांना पाठवा." सगळे हात एकदम वर गेले. सोनवणे वहिनींचे तर दोन्ही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून म्हणालो, "एवढं सगळं होऊनही तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात..."

"तसं नाही हो," वहिनी म्हणाल्या. "मुलींच्या बुटांसाठी आणखी एक विक्री करायचीये. तुम्ही चार दिवस सोलापूरला असाल, तेवढ्यात उरकून घेऊ."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सरांनी वहीत लिहिलं: सूचक, मुग्धा. अनुमोदक, वंदना.