लाल पट्टीच्या सहा बाटल्या

पांढरकवड्याच्या विश्रामगृहात, जेवणाच्या टेबलावर, माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांनी पाण्याच्या नमुन्यांसाठीच्या माझ्या सहा रिकाम्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी लावली. एकेक बाटली दोन बोटांत धरून. मग त्या टेबलाच्या पार टोकाला सरकवल्या.

"तुझ्या वेगळ्या ठेव. कुणाचे हात कुठे लागलेले असतात, काय सांगावं."

माझी सहकारी अदिती मोबाईलमध्ये बघत राहिली. तिला ऐकू आलं होतं. मी खोलीत गेले, दार लावलं आणि स्वतःच्या हातांचा वास घेतला. त्याची मला आजही लाज वाटते.

हात म्हणजे माझ्या अब्बांचे. ते याच गावात हायवेलगत गाड्या दुरुस्त करतात. आदल्या दिवशी गावाच्या तोंडाशी आमच्या जीपच्या इंजिनाचा पट्टा तुटला. मीच म्हटलं, अब्बांच्या गॅरेजात नेऊ. जीप रात्रभर तिथे राहिली. बाटल्यांचे खोके चोरीला जाऊ नयेत म्हणून अब्बांनी स्वतः उचलून आत ठेवले, वर धुतलेली चादर घातली. सकाळी आम्ही जीप न्यायला गेलो तेव्हा सरांसाठी चहा मागवला. सर म्हणाले, मी चहा घेत नाही. विश्रामगृहावर परतल्यावर त्यांनी दोन कप घेतले.

बाटल्यांची झाकणं घट्ट होती. कुणाची बोटं आत जाऊच शकत नव्हती. हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

आमची संस्था समुद्रकाठची. आम्ही समुद्राचं रसायन तपासतो. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठून आला, असं गावात सगळे हसून विचारतात. समुद्रातल्या बारीक वनस्पतींनाही खत लागतं, नायट्रेट, फॉस्फेट. त्यातलं काही इथल्या शेतांतून पैनगंगेत उतरतं, पुढे गोदावरीत, शेवटी बंगालच्या उपसागरात. किती जातं, हे मोजायचं काम माझं. माझी पीएचडी त्या आकड्यांवर उभी आहे. आकडे बाद, तर मीही बाद.

शाळेत बाईंनी माझी वही कोपऱ्याला धरून परत केली होती. "ग्रीस लागलंय." लागलं होतं, खोटं नाही. पण शेजारच्या मुलीच्या वहीवर लोणच्याचं तेल होतं, ती वही त्यांनी मांडीवर ठेवून तपासली. तेव्हापासून मी कुणावर पटकन विश्वास टाकत नाही. कौतुकावर तर नाहीच. सर पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "आमची ही मुलगी, बघा कुठून कुठे आली." मी हसायचे आणि मनात विचारायचे, कुठून म्हणजे कुठून?

बाटल्यांना पट्टी लावली त्याच दुपारी हायवेच्या पुलाखालून आम्ही नदीचं पाणी घेतलं. एकाच जागी, एकाच वेळी, मी माझ्या पट्टीच्या बाटल्यांत, त्यांनी त्यांच्या; प्रत्येकाची एकेक बाटली रिकामी राहिली. फॉस्फेट ताजं तपासावं लागतं, म्हणून विश्रामगृहातच तपासलं. औषध घातलं की पाणी निळं होतं, जितकं फॉस्फेट जास्त तितकं गडद. सरांचं आणि अदितीचं पाणी शाईसारखं झालं. माझं फिकट.

सरांनी विचारसुद्धा केला नाही. नमुन्यांची नोंदवही माझ्यापुढे टाकली. लाल पट्टीच्या नमुन्यांत हाताळणीची चूक, असं लिहायचं आणि उद्या निघण्याआधी सही करायची. मी मान हलवली. हो, हलवली. मला वाटलं, असेलही माझी चूक.

संध्याकाळी गॅरेजात गेले. अब्बा चाकाशी बसून काम करत होते. बाटल्यांचं मी त्यांना सांगितलं नाही. मग पाना बाजूला ठेवून म्हणाले, "तुझ्या सायबाले आमचा चहा चालला नाही. मले समजते, बेटा. मले कायी वाटलं नाही. पन तू काहून मान खाली घालून राह्यली?"

परतताना डोकं चालू लागलं. आयुष्यभर मी माझ्यावरच संशय घेत आले होते. जरा दुसऱ्यांवर घेऊन बघू.

सकाळी विश्रामगृहाच्या मागे नळाजवळ साबणाचा वाळलेला फेस दिसला. तिथले म्हातारे खानसामा शंकरराव भांडी घासत होते. त्यांना विचारलं, काल इथे काय धुतलं?

"तुमच्याच बाटल्या न. सायबानं धुवाले लावल्या. पावडर टाकून चांगल्या घासा म्हने, गॅरेजातून आल्या. तुमच्या पट्टीवाल्या तेवढ्या राहू द्या म्हने."

स्वस्त पावडरीत फॉस्फेट असतं. या कामाच्या बाटल्या सौम्य आम्लानं धुवायच्या, साबण कधीच नाही, हे सरांनीच आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. अब्बांचा हात धुऊन काढायच्या घाईत ते स्वतःच विसरले.

मी शुद्ध पाणी घेतलं. त्यांच्या एका न वापरलेल्या बाटलीत भरलं, माझ्या न वापरलेल्या बाटलीत भरलं. दोन्हींत औषध घातलं आणि सरांना बोलावलं. त्यांची बाटली निळी झाली. माझी पाण्यासारखी राहिली.

सरांनी दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, "झालं ते झालं. तुझे आकडे धरू. शोधनिबंधात लेखक म्हणून तुझं नाव दुसरं टाकतो. वहीत मात्र काही लिहू नकोस."

कालपर्यंत मी याला मोठेपणा म्हटलं असतं. आता मला त्यात फक्त त्यांची भीती दिसली. मी वही ओढली आणि त्यांच्यासमोर लिहिलं. लाल पट्टीच्या बाटल्या सोडून सर्व बाटल्या साबणाच्या पावडरीने धुतल्या. धुवायला सांगणारे, सर. कारण, बाटल्यांना गॅरेजमधल्या माणसाचा हात लागला होता. तो माणूस माझा बाप आहे.

"शेवटच्या दोन ओळींचा विज्ञानाशी काय संबंध?" सर म्हणाले.

"चूक का झाली तेही लिहायचं असतं, सर. तुम्हीच शिकवलंय."

खाली सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

त्या वहीच्या पानांवर छापील क्रमांक आहेत, एक पान फाडलं तरी कळतं. सर आता माझ्याशी बोलत नाहीत. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून आहे. सही होईल की नाही, मला माहीत नाही. न झाली तरी त्या दोन ओळी मी खोडणार नाही. आणि पुढच्या दौऱ्यात लाल पट्टीचं रीळ माझ्या पिशवीत असेल. माझ्या बाटल्यांना ती मीच लावणार. त्यांनी हात लावू नये म्हणून.